आतला आकडा

कार्ल्सरूहेच्या औद्योगिक वसाहतीत एका शुक्रवारी सकाळी अग्निशमन दलाच्या दोन गाड्या सायरन वाजवत शिरल्या, त्या उज्ज्वल पळसुलेमुळे. त्याचा हेतू चांगला होता हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते सांगायला जागा मिळेल असं दिसत नाही.

उज्ज्वल मूळचा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, आणि बेकऱ्यांसाठी विजेच्या भट्ट्या बनवणाऱ्या एका जर्मन कंपनीत नोकरीला. भट्टीला सॉफ्टवेअर कशाला लागतं, हा प्रश्न त्याच्या सासऱ्यांनी आल्या दिवशीच विचारला होता. "आमच्या कोपऱ्यावरच्या खारीवाल्याच्या तीन पिढ्या झाल्या, एकालाही कधी इंजिनिअर लागला नाही," असं ते म्हणाले, आणि मग जावयाचा चेहरा बघून, "नाही, पगार देतायत ना वेळेवर, मग झालं तर," अशी पुस्तीही जोडली.

गोम अशी, की तो पगार अजून पक्का नव्हता. जर्मनीत नव्या माणसाला पहिले सहा महिने 'प्रोबेत्साइट'मध्ये, म्हणजे परीक्षेवर ठेवतात. या काळात साहेबाला पटलं नाही तर तो पंधरा दिवसांत निरोपाचा नारळ देऊ शकतो. एकदा का ते सहा महिने उलटले, की मग माणसाला हलवणं साहेबालाही जड जातं. उज्ज्वलचे सहा महिने संपत आले होते आणि त्याच्या बॉसबाईंनी शुक्रवारी दुपारी 'एक छोटंसं बोलणं' ठेवलं होतं. त्या बोलण्यावर व्हिसा होता, घराचा करार होता, बायको यामिनीची विद्यापीठाच्या ग्रंथालयात नुकतीच लागलेली अर्धवेळ नोकरी होती आणि लेक अन्वीची तिसरीतली शाळा होती. "छोटंसं म्हणजे नक्की काय असेल?" असं त्याने ओळखीतल्या प्रत्येक माणसाला विचारलं. प्रत्येकाने वेगळं उत्तर दिलं. बाईंना मात्र विचारलं नाही. ज्याला ठाऊक आहे त्यालाच जाऊन सरळ विचारायचं, असला उथळपणा पळसुल्यांच्या घराण्यात आजवर कोणी केलेला नाही.

त्याच शुक्रवारी सकाळी त्याच्या कामाचं प्रात्यक्षिक होतं. कंपनीने ब्रेझेलसाठी खास भट्टी काढली होती. ब्रेझेल म्हणजे दोरीची गाठ मारावी तसा वळलेला, वर जाडं मीठ पेरलेला तपकिरी पाव. आपल्याकडे माणसं हापूसवर जितक्या गांभीर्याने बोलतात तितक्या गांभीर्याने इकडचे लोक ब्रेझेलवर बोलतात. या भट्टीने ठरलेलं तापमान गाठताक्षणी आपली आपण आच कमी करायची होती, म्हणजे पावाला रंग बरोबर चढतो. ते 'आपली आपण' जमवण्याचा प्रोग्रॅम उज्ज्वलने लिहायचा होता.

आता इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तोवर चहा टाकावा. कंपनीच्या सगळ्या भट्ट्यांचा मिळून एक मूळ क्लास होता, नाव 'ओफन', म्हणजे भट्टीच. क्लास म्हणजे प्रोग्रॅमचा असा तुकडा, ज्यात एखाद्या वस्तूला काय काय माहीत असतं आणि काय काय करता येतं हे लिहिलेलं असतं. मूळ क्लासला पेरेंट म्हणतात आणि त्याच्यापासून जन्मलेल्याला सबक्लास. उज्ज्वलचा ब्रेझेलभट्टीचा क्लास हा असा जन्मलेला. आईबापांना जे येतं ते या लेकराला फुकटात येतं. मात्र आईबापांनी एखाद्या गोष्टीवर 'प्रायव्हेट' असा शिक्का मारला असेल, तर ती गोष्ट लेकराच्या पोटात असूनही त्याला तिला हात लावता येत नाही. घरच्या लोखंडी कपाटात आतला एक खण असतो ना, तसं. कपाट आपलं, खण आपला आणि किल्ली आईच्या कमरेला.

'ओफन'मधला तापमानाचा आकडा असा प्रायव्हेट होता. तो कोणाला लागलाच, तर क्लासकडे एक मेथड होती. तिला "तापमान किती?" असं विचारलं की ती आकडा सांगायची. कोणीही विचारा, सांगायची. आणि नेमकी इथेच उज्ज्वलच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. जो आकडा येईल त्याला सांगतात, तो खरा कशावरून?

कंपनीत खरी भट्टी वापरून बघायची तर चाचणीगृहात नंबर लावावा लागे आणि तो नंबर महिना महिना लागत नसे. उज्ज्वलला प्रात्यक्षिकाआधी एकदाच अर्धा तास मिळाला. त्या अर्ध्या तासात त्याने पाव भाजून बघायला हवा होता. त्याऐवजी त्याने संगणकावर तपासणीची ती खिडकी उघडली, जिच्यातून प्रायव्हेट गोष्टी नुसत्या दिसतात, वापरता येत नाहीत. आणि त्याला घबाड सापडलं. मेथड सांगत होती २३०. आतल्या प्रायव्हेट खणात होते १९८.

"बघा!" संध्याकाळी जेवताना तो म्हणाला. "आत एक आणि बाहेर एक."

ही वाक्यं ज्याच्यापुढे उच्चारू नयेत असा पृथ्वीतलावर एक माणूस होता, आणि तो समोरच आमटी भुरकत बसला होता. शरदचंद्र देवस्थळी, यामिनीचे वडील. धाकटी मुलगी स्वानंदी हिच्या बाळंतपणासाठी ते आणि सासूबाई लुडविग्सहाफेनला आले होते. पण तिथलं घर लहान, त्यात बाळ, त्यात शरदचंद्रांचे सल्ले. तेव्हा सासूबाईंनी त्यांना प्रेमाने मोठ्या मुलीकडे धाडून दिलं होतं. उभी हयात त्यांनी एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात काढली होती. पाणी कधी येणार याचं जाहीर वेळापत्रक ते स्वतः टंकायचे, स्वतः फलकावर चिकटवायचे आणि घरी बायकोला पाणी भरायची भलतीच वेळ सांगायचे. त्यामुळे जगात प्रत्येक गोष्टीची एक जाहीर वेळ आणि एक खरी वेळ असते, यावर त्यांची अढळ श्रद्धा होती. ट्रामच्या थांब्यावर चार मिनिटं लिहिलेलं असे आणि ट्राम चौथ्या मिनिटाला येई. "आज योगायोग," असं ते रोज म्हणत. रविवारी दुकानं बंद असतात हेही त्यांना पटलं नव्हतं, आणि एका सुपरमार्केटच्या मागच्या दारावर त्यांनी बराच वेळ टकटक केली होती. "आजोबा, दा श्टेट एस डोख!" असं अन्वी बिचारी ओरडत होती, म्हणजे तिथे लिहिलंय की! "लिहायचं असतं बाळ," आजोबा तिला समजावत होते.

"उज्ज्वलराव," आमटीची वाटी खाली ठेवून शरदचंद्र म्हणाले, "हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे. खरा आकडा आतला. बाहेरचा लोकांसाठी. हा क्लास लिहिला कोणी?"

"फ्राउ डॉक्टर श्रॉप. आमच्या बॉसच."

"म्हणजे शुक्रवारी तुमच्याशी बोलणार त्याच?" शरदचंद्रांचे डोळे लकाकले. "मग तुम्हाला अजून कळत नाहीये का? तुमची परीक्षा आहे ही. हा पठ्ठ्या बाहेरच्या आकड्यावर भागवतो, की आतला शोधून काढतो, ते बघतायत बाई."

यामिनी म्हणाली, "अरे, मग त्यांनाच विचार ना, दोन आकडे का आहेत म्हणून."

यावर सासरा आणि जावई दोघांनीही तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यात माया होती, पण आदर नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून उज्ज्वल त्या आकड्याच्या मागे हात धुऊन लागला. आधी सरळ मार्ग. त्याने सबक्लासमधून प्रायव्हेट आकड्याचं नाव लिहिलं. संगणकाने लाल रेघ ओढली आणि हा आकडा तुमच्यासाठी नाही, असं सभ्यपणे सांगितलं. संगणकाने केलेला अपमान माणसाने केलेल्या अपमानापेक्षा जास्त झोंबतो, कारण त्याच्या मागे कुत्सितपणे बोलायची सोय नसते.

मग कायदेशीर मार्ग. 'ओफन'मधला 'प्रायव्हेट' हा शब्द खोडून तिथे 'प्रोटेक्टेड' लिहिलं, की लेकरांना हात लावायची मुभा मिळते. एका शब्दाचं काम. पण फाइल बाईंची. त्यात बदल करायचा तर रीतसर विनंती टाकायची, दोघांनी ती तपासायची, मग बाई शिक्कामोर्तब करणार. विनंतीत 'कारण' असा एक रकाना होता. खरं कारण 'मला तुमच्या आकड्याचा भरवसा वाटत नाही' हे होतं. ते लिहिण्याजोगं नसल्यामुळे उज्ज्वलने दीड पान लिहिलं. त्यात बाईंच्या क्लासची स्तुती होती, भारतीय आणि जर्मन अभियांत्रिकीचं नातं होतं, भविष्यातल्या भट्ट्यांचा विचार होता. बाईंचं उत्तर एका शब्दाचं आलं. "वोत्सू?" म्हणजे, कशासाठी?

दीड पानाला एक शब्द! उज्ज्वलच्या जिव्हारी लागलं. त्याने आणखी एक पान लिहिलं. यावेळी उत्तरात प्रगती झाली, पूर्ण वाक्य आलं. "कृपया मेथड वापरा."

"नाही म्हणाल्या का?" शरदचंद्रांनी घरी विचारलं.

"नाही म्हणाल्या नाहीत. मेथड वापरा म्हणाल्या."

"कृपया म्हणाल्या?"

"हो."

"मग नक्कीच काहीतरी आहे," शरदचंद्र म्हणाले. "पाणी नसलं की आम्हीही फलकावर 'कृपया' लिहायचो."

वरच्या मजल्यावर कबीर इनामदार राहतो. तो दहा वर्षं जर्मनीत आहे, दुसऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरच लिहितो, आणि त्याला सगळं माहीत असतं. 'आल्झो', म्हणजे 'तर मग', असं म्हणून तो बोलायला लागला की समोरच्याने बसून घ्यावं, असा इमारतीतल्या मराठी लोकांचा अनुभव आहे.

"आल्झो," कबीर म्हणाला, "यात काय आहे? तुझ्या क्लासमध्ये त्याच नावाचा तुझा स्वतःचा एक आकडा ठेव. नाव तेच, मालक तू."

उज्ज्वलने तसं केलं. लाल रेघ गेली. त्याच्या आनंदाला पारावार उरला नाही. नंतर त्याने तो आकडा वाचून बघितला तर तो शून्य. संगणकातली खोटी भट्टी तापवली, शून्य. आणखी तापवली, शून्य. बाईंचा आकडा बाईंच्या खणात सुखाने वर चढत होता आणि उज्ज्वलचा, त्याच नावाचा, त्याच्याच खणात रिकामा बसून होता. शेजाऱ्याच्या पोराचं नाव आपल्या पोराला ठेवलं म्हणून त्याचे मार्क आपल्या पोराला पडत नाहीत, ही गोष्ट दहा वर्षं जर्मनीत राहिलेल्या माणसाच्या लक्षात यायला हवी होती.

"जा, जा, गेनाऊ," म्हणजे हो, हो, अगदी बरोबर, असं कबीर जराही न ओशाळता म्हणाला. "ते होतंच. मग अख्खा पेरेंट क्लास कॉपी कर आणि आपल्या नावाने चिकटव." तसंही करून झालं. कंपनीत नक्कल पकडणारं एक यंत्र आहे, हे त्यानंतर उज्ज्वलला कळलं. त्या यंत्राने सगळ्या विभागाला एकाच वेळी लाल अक्षरांत पत्र पाठवलं. विषय होता, 'पळसुले: नक्कल ९८ टक्के.' उरलेले दोन टक्के म्हणजे त्याचं नाव.

या काळात उज्ज्वल कोणालाही सल्ला विचारत होता. तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाची सामान ठेवायची एकेक जाळीची खोली असते. तिथे सायकल ठेवताना त्याला खालच्या मजल्यावरचे हेर बेश्ले, म्हणजे श्रीयुत बेश्ले, भेटले. हे इमारतीतले सगळ्यांत जुने भाडेकरू. उज्ज्वलने त्यांना आडून आडून विचारलं, की समजा पलीकडच्या खोलीत तुम्हाला हवी असलेली वस्तू जाळीतून दिसतेय आणि कुलूप दुसऱ्याचं आहे, तर तुम्ही काय कराल? हेर बेश्ले यांनी विचार केला. "त्याला विचारेन," ते म्हणाले. उज्ज्वलला त्यांची कीव आली. एवढं वय झालं, पण माणसाला जगाची काही जाण नाही.

शेवटी कबीरनेच ब्रह्मास्त्र काढलं. "रिफ्लेक्शन वापर," तो आवाज खाली आणून म्हणाला. "चालू प्रोग्रॅमला त्याच्याच आत बघायला लावायचं. प्रायव्हेट, प्रोटेक्टेड, काही बघायचं नाही. एक ओळ लिहायची, की खण उघडा. किल्ली नसली तर बिजागऱ्या काढायच्या."

"असं करतात?"

"करत कोणी नाही," कबीर म्हणाला. "पण करता येतं."

उज्ज्वलने ती ओळ लिहिली. खण उघडला. आतला आकडा, बाईंचा खासगी, अस्सल, आजवर कोणाही लेकराला न दिसलेला आकडा, त्याच्या सबक्लासच्या ओंजळीत आला. आता तपासणी तेवढी उरली. पण इथे नशीब धावून आलं, कारण फ्राउ डॉक्टर श्रॉप उरलाउबवर गेल्या. उरलाउब म्हणजे रजा, पण रजा म्हणजे उरलाउब नव्हे. उरलाउबवर गेलेल्या जर्मन माणसाला युद्ध झालं तरी फोन करत नाहीत. त्यांच्या जागी हॅनोव्हरहून बदलून आलेले एक तरुण गृहस्थ तपासणीला होते. त्यांनी उज्ज्वलचा प्रोग्रॅम संगणकातल्या खोट्या भट्टीवर चालवला, तो चालला, "लॉइफ्ट," म्हणजे चालतंय, असं म्हणून त्यांनी खूण केली आणि ते जेवायला गेले. खोट्या भट्टीला दार नसतं, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही.

शुक्रवार उजाडला. शरदचंद्रांनी निघताना जावयाच्या हातावर दही ठेवलं. "बाहेरचा आकडा काही का दाखवेना," ते म्हणाले, "तुम्ही डगमगू नका."

चाचणीगृहात झाडून सगळे जमले होते. बाई सुट्टीहून परतल्या होत्या, उन्हाने लालबुंद होऊन. गिऱ्हाईक होते हेर वेसनर, आजोबांपासूनचे बेकर, बारा गावांत दुकानं, आणि मनगट उज्ज्वलच्या दंडाएवढं. त्यांनी घरून वळून आणलेले ब्रेझेल स्वतःच्या हातांनी मांडून भट्टीत सरकवले. उज्ज्वलने कळ दाबली.

भट्टीच्या कपाळावर मोठे आकडे होते. ते अर्थातच बाईंच्या मेथडने दिलेले, म्हणजे बाहेरचे. २१०. २२०. २३० झाले. आता आच कमी व्हायला हवी होती. झाली नाही, कारण उज्ज्वलचा सबक्लास आतल्या आकड्याकडे बघत होता आणि आत अजून १९८ होते.

"दोनशे चाळीस," हेर वेसनर म्हणाले.

"तिकडे लक्ष देऊ नका," उज्ज्वल हसून म्हणाला. "तो फक्त दाखवायचा आकडा आहे."

सहा महिन्यांत तो इतकं चांगलं जर्मन प्रथमच बोलला होता. बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ही कौतुकाची नजर आहे, असं तो धरून चालला.

"दोनशे साठ. वास येतोय," हेर वेसनर म्हणाले. ज्याच्या तीन पिढ्या भट्टीपुढे गेल्या आहेत त्याच्या नाकावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. पण नाक हेही शेवटी बाहेरचंच. त्यांची खात्री पटावी म्हणून उज्ज्वलने भट्टीचं दार उघडून दाखवलं. गार हवा आत गेली. आतला आकडा धपकन खाली आला, आणि सबक्लासला वाटलं भट्टी गार पडतेय. त्याने इमानेइतबारे आच आणखी वाढवली. उज्ज्वलने पुन्हा दार उघडलं. आच पुन्हा वाढली. कपाळावर २९० दिसायला लागले तेव्हा दारातून धूर आला, आणि तो धूर मात्र दाखवायचा नव्हता.

छतावरचं यंत्र किंचाळायला लागलं. बाईंनी पुढे होऊन भिंतीवरची मुख्य कळ बंद केली. मग जर्मन लोक आग लागल्यावर करतात तसे सगळे रांगेने, न धावता, बाहेर गाड्यांच्या तळावर ठरलेल्या हिरव्या पाटीखाली जाऊन उभे राहिले. पिवळं जाकीट घातलेल्या एका बाईंनी माणसं मोजली. अग्निशमन दलाचे जवान आत जाऊन ट्रे घेऊन आले. त्यावर काळ्याकुट्ट गाठी होत्या. हेर वेसनरनी एक हातात घेतली, दाबली, तिचा भुगा झाला. त्यांनी हात झटकले. ते दोन शब्द बोलले असते तर बरं झालं असतं असं उज्ज्वलला वाटलं. पलीकडच्या कंपनीतली माणसं खिडक्यांतून बघत होती. आयुष्यात इतक्या लोकांपुढे इतका वेळ तो कधी नुसता उभा राहिला नव्हता. त्याला यामिनीचा चेहरा आठवला. अन्वीला इथल्या शाळेतून काढावं लागेल, हे तिला कोणत्या भाषेत सांगायचं, असा विचार आला आणि त्याला खरोखर रडू यायला लागलं.

दुपारचं 'छोटंसं बोलणं' ठरल्या वेळीच झालं. इमारतीला आग लागली म्हणून भेटीची वेळ बदलायची, असली पद्धत तिथे नाही.

"आल्झो, हेर पळसूले," फ्राउ डॉक्टर श्रॉप म्हणाल्या. त्यांच्यापुढे त्याचा प्रोग्रॅम उघडा होता. "तुम्ही माझ्या प्रायव्हेट आकड्यापर्यंत पोचलात. कसे, ते मला दिसतंय. का, ते दिसत नाही. मेथड होती."

उज्ज्वल म्हणाला, "आत वेगळा आकडा होता. मला वाटलं, आतला खरा असेल."

बाईंनी चष्मा काढला. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, कुतूहल दिसत होतं. "तापमापक दाराशी बसवलेला आहे," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे जागाच नाही. दाराशी हवा गार असते, म्हणून तो कमी दाखवतो. आतला आकडा कच्चा आहे, हेर पळसूले. मी त्यात दुरुस्ती करते आणि पक्का करून बाहेर देते. कच्चा आकडा कोणाच्या हाती लागला तर काय होईल, या भीतीने तो प्रायव्हेट ठेवला होता." खिडकीबाहेर अग्निशमन दलाची गाडी मागे वळत होती. दोघांनीही तिकडे पाहिलं.

"हे मला विचारलं का नाहीत?"

याचं उत्तर द्यायचं तर नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यापासून सुरुवात करावी लागली असती.

"सहा महिन्यांत मी तुम्हाला एकदा तरी खोटं सांगितलंय का?"

तो आठवायला लागला. पहिल्या आठवड्यात बाई म्हणाल्या होत्या, की तुमचं जर्मन वाईट आहे. होतं. एकदा भर बैठकीत म्हणाल्या, तुमच्या स्वेटरची बाजू उलटी आहे. होती. मार्चमध्ये म्हणाल्या, तुमचं काम चांगलं आहे. त्यावर त्याने आठवडाभर झोप घालवली होती, की यांना नक्की काय म्हणायचंय. त्याची मान खाली गेली. त्याला मनापासून लाज वाटली.

"नाही," तो म्हणाला.

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. "तुमची प्रोबेत्साइट मी गेल्या महिन्यातच पास केली. नोकरी कायम आहे. आजचं बोलणं छोटं असेल असं मी लिहिलं होतं, ते छोटंच असणार होतं. सोमवारी ती ओळ काढा. हेर वेसनरना स्वतः फोन करून खरं काय ते सांगा. आणि पुढच्या वेळी विचारा."

उज्ज्वल ट्रामने घरी आला तो हवेत तरंगत. हा देश त्याला एकाएकी कळला होता. इथे माणसं असेल ते सांगतात आणि म्हणून सुखी आहेत! आजपासून आपणही असेल ते सांगायचं, असं त्याने ट्राममध्ये उभ्या उभ्या ठरवलं. दुरुस्ती करून मग बाहेर द्यायचं, हा बाईंच्या बोलण्यातला निम्मा भाग मात्र वाटेत कुठल्याशा थांब्यावर उतरून गेला.

घरी आनंदीआनंद झाला. यामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने भरपूर तूप घालून शिरा केला. "योपी!" करत अन्वी सोफ्यावरून उड्या मारत राहिली. फक्त शरदचंद्र खुर्ची ओढून जवळ आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "कायम म्हणाल्या ते ठीक. पण आतून काय आहे?"

"आतून काही नाही, बाबा. म्हणाल्या तेवढंच आहे."

शरदचंद्रांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं आणि विषय बदलला. रविवारी ते लुडविग्सहाफेनला धाकट्या मुलीकडे परत जायचे होते. शिऱ्याचा घास घेऊन ते रीतीप्रमाणे म्हणाले, "महिना झाला म्हणता म्हणता. माझा काही त्रास नाही ना झाला, उज्ज्वलराव?"

जगाच्या आरंभापासून या प्रश्नाला 'छे छे, त्रास कसला' हे एकच उत्तर आहे. उज्ज्वलने चमचा खाली ठेवला.

"झाला," तो म्हणाला.

यामिनीचा हात वाढता वाढता थांबला.

"म्हणजे बराच झाला, बाबा," उज्ज्वल स्वच्छ मनाने पुढे म्हणाला. "तुम्ही पहाटे उठून सगळ्या खोल्यांतले दिवे लावता. कचऱ्याच्या चारही डब्यांत सगळा कचरा एकत्र करून टाकता, मग हेर बेश्ले मला ऐकवतात. मी बाथरूममध्ये असलो की तुम्ही दारावर टकटक करून गप्पा मारता. आणि त्या आकड्याच्या बाबतीत तुमचं ऐकलं नसतं तर आज अग्निशमन दल आलं नसतं. तुम्ही रविवारी जाताय, तर मला बरं वाटेल."

अन्वी उड्या थांबवून सोफ्यावर उभी राहिली. यामिनीने डोळे मिटून घेतले.

शरदचंद्रांनी जावयाकडे निरखून पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, मग ते खदाखदा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी उज्ज्वलच्या पाठीवर थाप मारली.

"कळलं मला," ते गहिवरून म्हणाले. "तोंडाने माणूस बोलतो एक. यामिनी, स्वानंदीला फोन लाव गं. म्हणावं मी रविवारी येत नाही. जावई सोडायला तयार नाहीत."